दोराला गाठ नको: वेकबोर्डचा दोर बांधणं आणि आखूड करणं

आमच्या गॅरेजमध्ये खिळ्याला दोराचा वीतभर तुकडा टांगलेला आहे. त्याच्या मधोमध सुपारीएवढी गाठ आहे आणि ती सुपारीइतकीच टणक आहे. गाठ माझ्या नवऱ्याने मारली. तो पुण्याचा, पाण्याशी संबंध खडकवासल्यापुरता. लेक पहिल्यांदा वेकबोर्डवर (बोटीमागे दोराचं हँडल धरून पाण्यावर घसरायची फळी) उभा राहायला शिकत होता, दोर फार लांब वाटत होता, म्हणून याने मध्येच दोर दुमडला, साधी गाठ मारून एक लूप केलं आणि ते बोटीच्या टॉवरला, म्हणजे दोर बांधायच्या उंच नळ्यांच्या चौकटीला, अडकवलं. लेकाचं वजन तेव्हा 30 किलो, त्यामुळे काही बिघडलं नाही. मग त्याच गाठीवर नवऱ्याचा मित्र गेला, 90 किलोचा, आणि सहा वेळा पडून सहा वेळा उठला. संध्याकाळी गाठीची सुपारी झाली होती. स्क्रू-ड्रायव्हर घालून झाला, दात लावून झाले, शेवटी "राहू दे, आहे तशी चालेल" असं ठरलं. पुढच्या उन्हाळ्यात दोर तिथेच तुटला. तुटला गाठीच्या मानेशी, जिथे सरळ दोर गाठीत शिरतो तिथे. तुटलेलं टोक मागे उडून टॉवरच्या नळीवर फाटकन आपटलं. त्याच्या हातभर खाली सासूबाई बसल्या होत्या.

त्या दिवसापासून दोराचं खातं माझ्याकडे आहे.

मी मालवणची. लहानपणी किनाऱ्यावर रापण ओढताना पाहिलेली आणि ओढलेलीही: जाळं समुद्रात अर्धवर्तुळात टाकलेलं, त्याच्या दोन टोकांचे दोर दोन रांगांतली माणसं वाळूवरून ओढतायत. बाबा दोन गोष्टी सतत सांगायचे. एक, "दोराच्या रेषेत उभी रवू नको गो." दुसरी, "गाठ कोणय मारीत, ती सोडूक येवक व्हयी." आता मी ऑस्टिनजवळ राहते आणि तीन घरांनी मिळून घेतलेली एक जुनी बोट ट्रॅव्हिस तलावावर चालवते. हा तलाव कोलोरॅडो नदीवरच्या मॅन्सफिल्ड धरणाचा. नदी टेक्सासची, ग्रँड कॅन्यनवाली नाही. पाणी गोडं, दोर प्लास्टिकचा, पण बाबांची दोन्ही वाक्यं इथेही जशीच्या तशी लागू पडतात.

आधी दोर कशाचा आहे ते बघा, कारण बाकी सगळं त्यावर ठरतं. स्वस्तातला वेकबोर्डचा दोर पॉलिएथिलीनचा असतो, थोडासा ताणतो. महागातला डायनीमा किंवा स्पेक्ट्रा नावाच्या धाग्याचा असतो आणि जवळजवळ ताणतच नाही. दोन्ही पाण्यावर तरंगतात. दोर बुडत असेल तर तो बहुधा नायलॉनचा, म्हणजे नांगराचा किंवा धक्क्याला बोट बांधायचा, आणि त्याने माणूस ओढायचा नाही. नायलॉन रबरासारखा ताणतो आणि तुटला की तितक्याच जोराने परत येतो. सासूबाई वाचल्या याचं निम्मं श्रेय आमचा दोर न ताणणारा होता याला आहे.

गाठीने दोर का मरतो? सरळ दोरात सगळे पेड ओझं वाटून घेतात. गाठीतल्या तीव्र वळणावर बाहेरच्या अंगाचे धागे ताणाखाली मरतात आणि आतल्या अंगाचे रिकामे बसून राहतात. साध्या गाठीने दोराची ताकद ढोबळमानाने निम्म्यावर येते. डायनीमाच्या बाबतीत आणखी दोन भानगडी. तो इतका गुळगुळीत असतो की गाठ आधी सरकते. आणि सरकताना घासून तापते. हा धागा 150 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो, म्हणजे आपण भजी तळतो त्या तेलाच्याही खालच्या तापमानाला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, पण ते काथ्याच्या दोराचं. हा दोर जळायची वाटच बघत नाही.

मग गाठीशिवाय आखूड कसा करायचा? दोर बनवणाऱ्याने ती सोय आधीच करून ठेवलेली असते, फक्त आपलं लक्ष जात नाही. आमचा आताचा दोर बोटीकडून मोजला तर असा आहे: 5 फुटांचे तीन तुकडे, मग 55 फुटांचा मुख्य दोर, मग हँडलला जोडलेला 5 फुटी तुकडा. सगळा मिळून 75 फूट. प्रत्येक तुकड्याच्या टोकाला तयार लूप. बोटीकडचे तुकडे एकेक काढत गेलं की 70, 65, 60. तुमच्या दोराचे आकडे वेगळे असतील. एकदा अंगणात दोर पसरून टेपने मोजा आणि लूपजवळ रंगीत कायम शाईने खुणा करा. पाकिटावरची लांबी हँडल धरून असते की सोडून, यावरून आमच्या तिन्ही घरांत एक अख्खी दुपार वाद झाला होता.

ही लूपं गाठ मारून केलेली नसतात. दोर आतून पोकळ विणलेला असतो, त्याचं टोक परत वळवून त्याच्याच पोटात घातलेलं असतं, परकरात नाडी ओवतात तसं. याला स्प्लाइस म्हणतात. ओढ बसली की बाहेरची वीण आतल्या टोकाला आवळते; जितकं ओढाल तितकं घट्ट. म्हणून लूपची ताकद सरळ दोराच्या जवळपास राहते. दोर ढिला असतानाही ते टोक बाहेर सरकू नये म्हणून बऱ्याच दोरांत तिथे आडवे टाके घातलेले असतात.

किती लांब ठेवायचा? बोटीच्या मागे लाटांचा फाळ इंग्रजी व्ही अक्षरासारखा पसरत जातो. जवळ असाल तर दोन लाटांमधलं अंतर कमी, लांब गेलात तर जास्त. शिकणाऱ्याला एका लाटेवरून दुसऱ्या लाटेपर्यंत उडायचं नसतंच, त्याला नुसतं उभं राहायचं असतं, शिवाय बोटीचा वेगही कमी असतो, ताशी 16 ते 18 मैल. त्याला 60 फूट बरा. जरा सराव झालेला, 20-22 मैलांवर जाणारा, 65-70 फुटांवर खूश असतो. माझा लेक आता 75 मागतो. हौशी माणसं सुरुवातीलाच पूर्ण लांबीवर जातात आणि लाट का सापडत नाही म्हणून वैतागतात.

गंमत म्हणजे स्लालम वॉटरस्कीचं, म्हणजे बोटीमागे पाण्यावर तरंगत्या खुणांना (बोयांना) वळसे घालत जायच्या खेळाचं, गणित नेमकं उलटं आहे. तिथे खेळाडू जितका चांगला तितका दोर आखूड. स्पर्धेचा दोर 23 मीटरपासून सुरू होतो, मग 18.25, 16, 14.25, 13, 12, 11.25 असा टप्प्याटप्प्याने आखूड होतो आणि प्रत्येक टप्प्याच्या लूपला ठरलेला रंग असतो: लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा. वळायचे बोये बोटीच्या मार्गाच्या मध्यापासून 11.5 मीटरवर असतात. म्हणजे जांभळ्या लूपला दोर बोयापर्यंत पोचतच नाही, उरलेलं अंतर माणसाने अंग आणि हात लांबवून भरून काढायचं. अशा खेळात गाठीला जागाच नाही. गाठ इंच-दोन इंच सरकली तरी सगळा हिशोब चुकतो. रंगीत लूपांची कल्पना मी तिथूनच उचलली.

आता जोडणं. दोन लूप एकमेकांत अडकवायची रीत एकच, ती नीट शिका. मुख्य दोराचं लूप घ्या आणि हँडलच्या तुकड्याच्या लूपमधून आरपार काढा, चांगलं वीतभर. त्या बाहेर आलेल्या लूपमधून आता अख्खं हँडल घालून घ्या. ते आडवं जाणार नाही, एका टोकाने तिरकं सरकवा. मग दोन्हीकडून हळूहळू ओढा आणि ओढताना डोळे तिथेच ठेवा. नीट बसलं तर दोन्ही लूप एकमेकांत सारखे गुंततात, दोन माणसांनी एकमेकांची मनगटं धरावीत तसे, आणि कुठूनही बघितलं तरी दोन्ही बाजू सारख्या दिसतात. चुकलं तर एक लूप सरळ राहतं आणि दुसरं त्याचा गळा आवळतं. हे वरवर घट्टच दिसतं, पण आवळलेल्या जागी दोर करवतीसारखा कापत जातो. अर्धवट बसलेलं दिसलं तर ओढ देण्याआधी बोटांनी ढिलं करून सारखं करा. ओढ बसल्यावर ते आपोआप जागेवर येत नाही. 5 फुटी तुकडेही असेच जोडायचे, फक्त हँडलच्या जागी तुकड्याचं मोकळं टोक ओवायचं.

सोडताना बोटांची नखं घालून खरवडू नका. जोडाच्या दोन्ही बाजूंचा दोर दोन हातांत धरा आणि एकमेकांकडे ढकला. दोन्ही लूप पुढे सरकून आपोआप उघडतात. हा जोड 90 किलोच्या मित्रानंतरही असाच उघडतो, मी मुद्दाम त्यालाच सोडायला लावते.

टॉवरला बांधणं याहून सोपं. टॉवरवर मागच्या बाजूला टोपीवाला खुंटा असतो. दोराच्या टोकाच्या लूपमध्ये हात घाला, पलीकडचा दोर चिमटीत धरा आणि लूपमधून ओढून बाहेर काढा. तयार झाला सरकफास. तो खुंट्यावर टोपीखाली घाला आणि दोर ओढून आवळा. नुसतं लूप खुंट्यावर टाकलं तरी ओढ असेपर्यंत बसतं, पण बोट वळते तेव्हा दोराला झोल पडतो आणि लूप निसटतं. फास निसटत नाही. त्यावर "खात्रीसाठी" आणखी एक वेढा आणि आणखी एक गाठ मारणारे भेटतात. त्यांना खात्री वाढल्यासारखी वाटते, पण वाढतो फक्त संध्याकाळचा वैताग. बोट बाजूला उभी करायच्या कडीला किंवा क्लीटला (दोन शिंगांच्या आकड्याला) दोर कधीच बांधायचा नाही. ती एका कोपऱ्यात असते, बोट वाकडी ओढली जाते आणि क्लीटच्या कडेवर दोर घासतो.

खुंट्यावरून कापसाचा बोळा फिरवा. कुठे खरखर किंवा धारदार कड असेल तर कापूस तिथे अडकतो. बोटाला जे कळत नाही ते कापसाला कळतं. अशी कड सापडली की बारीक पॉलिश पेपर मारा. आमच्या खुंट्यावर ट्रेलरचा मार लागून एक कुसळ उठलं होतं आणि आम्ही वर्षभर दोराच्या कंपनीला शिव्या देत होतो.

आणि हा दोर ट्यूबला, म्हणजे बोटीमागे माणसं बसवून ओढायच्या हवा भरलेल्या गादीला, लावू नका. पाण्यात नांगरासारखी रुतणारी ट्यूब बोर्डवरच्या माणसापेक्षा कितीतरी जास्त ओढ घेते. अमेरिकेत ट्यूबच्या दोराची किमान ताकद माणसांच्या संख्येवर ठरलेली आहे: एका माणसाला 1,500 पौंड, दोघांना 2,375, चौघांना 4,100. ट्यूब टॉवरवरूनही ओढायची नाही, खालच्या कडीवरून ओढायची. तारकर्लीला सुट्टीत गेले की माझी नजर आधी बनाना बोटीच्या दोराकडे जाते आणि घरची माणसं "आता तरी गप्प बस" म्हणतात.

समजा दोराला लूपच नाहीत, किंवा तुकडे घरी राहिले आणि पोर काठावर लाइफ जॅकेट घालून तयार आहे. सगळ्यात चांगलं म्हणजे शेजारच्या बोटीकडून आखूड दोर मागा, तलावावरची माणसं देतात. नसेल तर दोराच्या हव्या त्या जागी दोन हातांनी दोन छोटी वेटोळी करा, एकाच्या मागे दुसरं ठेवा आणि दोन्ही एकदम खुंट्यावर घालून आवळा. गुळगुळीत दोर इथे सरकू शकतो, म्हणून उरलेल्या दोराच्या शेवटचं लूपही त्याच खुंट्यावर फास करून घाला. वेढे सरकलेच तर दोर निदान सुटून जाणार नाही. मधला शिल्लक दोर गुंडाळून टॉवरच्या नळीला वेलक्रोने बांधा, बोटीत पायाशी लोळू देऊ नका. हे फक्त लहान मुलासाठी, कमी वेगाला, आणि फार तर एका फेरीपुरतं.

पॉलिएथिलीनच्या दोरावर बटरफ्लाय गाठ चालते. तळव्यावर तीन वेढे घ्या: पहिला अंगठ्याजवळ, दुसरा बोटांच्या टोकाकडे, तिसरा त्या दोघांच्या मध्ये. आता टोकाकडचा वेढा उचलून बाकी दोघांवरून अंगठ्याकडे आणा आणि त्यांच्या खालून परत बोटांच्या टोकाकडे काढा. हातातून उतरवून आवळा, मध्ये एक लूप उभं राहतं. ही गाठ दोन्ही दिशांची ओढ सरळ घेते आणि साध्या गाठीपेक्षा फार लवकर सुटते. तरी ती गाठच आहे, फेरी संपली की लगेच सोडा. डायनीमावर मी तीही मारत नाही.

गाठ बसलीच असेल तर घाई करू नका. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे चार थेंब टाकून दोर अर्धा तास बुडवा. मग गाठ तळहातांमध्ये लाडू वळतात तशी फिरवा, मागे-पुढे वाकवून तिची पाठ मोडा, आणि एका बाजूचा दोर गाठीत आत ढकला. ओढायचा नाही, ढकलायचा. जरा फट दिसली की लोकरीच्या विणकामाची बोथट लाकडी सुई घाला. स्क्रू-ड्रायव्हर आणि पक्कड घरात ठेवा. सुटल्यावर ती जागा बोटांत धरून बघा. दोर तिथे चपटा, कडक, चकचकीत झाला असेल तर आत धागे वितळून चिकटले आहेत. मग तो तुकडा गेला.

तपासायचं नुसत्या डोळ्यांनी होत नाही. ओला दोर चिमटीतून सोडत पूर्ण लांबी फिरवायची. वरवर मऊ लव आली असेल तर काळजी नको, वापराने येतेच. पण कापलेल्या पेडाच्या दशा बाहेर आल्या असतील, कुठे दोर अचानक बारीक लागत असेल, लूपाच्या मानेशी स्प्लाइस सरकून पोकळ भाग हाताला लागत असेल, तर काढून टाका. स्प्लाइसच्या शेवटी मी शाईची रेघ मारून ठेवते; रेघ हलली की कळतं. पॉलिएथिलीनचा दोर उन्हाने वाळतो, वाकवला की कुरकुरतो, हाताला पांढरी भुकटी लागते. टेक्सासच्या जुलैमध्ये दोर बोटीच्या मागच्या फळीवर पसरून ठेवणं म्हणजे पापड वाळत घालणं. तो सीटखाली गेला पाहिजे, पण पेट्रोलच्या डब्याशेजारी नको.

आमच्याकडे 2017 पासून आणखी एक पीडा आहे, झेब्रा शिंपले. नखाएवढे असतात, धक्क्याच्या खांबांना थरच्या थर चिकटतात आणि त्यांच्या कडा ब्लेडसारख्या असतात. मालवणला खडकावरची कालवं जशी दोर कापतात, तशीच ही. म्हणून दोर धक्क्यावरून फरफटत ओढायचा नाही. समुद्रात वापरत असाल तर वाळू आणि मीठ विणीच्या आत शिरून दोर आतून किसतात, तेव्हा दर वेळी गोड्या पाण्यात बुडवून खळबळून काढा आणि सावलीत वाळवा.

गुंडाळण्याबद्दल एक. 1922 मध्ये मिनेसोटातल्या पेपिन तलावावर राल्फ सॅम्युएलसन नावाच्या पोराने दोन फळ्या पायाला बांधून वॉटरस्कीइंग सुरू केलं, तेव्हा बोटीमागे कपडे वाळत घालायची दोरी होती म्हणतात. खेळ तिच्यावर सुरू झाला, ठीक आहे. पण कपड्यांची दोरी आपण अंगठा आणि कोपर यांच्यामध्ये गुंडाळतो, तसा हा दोर गुंडाळू नका. प्रत्येक वेढ्याला एक पीळ पडतो आणि पुढच्या वेळी पाण्यात फेकला की त्याच पिळांची कडी होते. अशी कडी शिकणाऱ्याच्या मनगटात अडकली आणि बोट निघाली तर काय होईल ते लिहवत नाही. त्याऐवजी हातावर इंग्रजी आठ काढत घ्या, एक वेढा डावीकडे, एक उजवीकडे. पीळ आपोआप फिटतात. इंजिन बंद झाल्याशिवाय दोर आत ओढायचा नाही, आणि ओढताना हाताला वेढा द्यायचा नाही.

टेक्सासमध्ये ओढणाऱ्या बोटीला मागचं दिसणारा आरसा तरी लागतो किंवा चालकाशिवाय लक्ष ठेवायला किमान 13 वर्षांचं एक माणूस तरी. आमच्याकडे आरसा आहे, पण मी माणूस ठेवते. सासूबाई उन्हाळ्यात आल्या की ते काम त्यांचं, पंजाबी ड्रेसवर लाइफ जॅकेट आणि डोक्याला रुमाल. फक्त आता त्या दोराच्या रेषेत बसत नाहीत, कडेला बसतात. संध्याकाळी दोर तांदूळ निवडावेत तसा बोटांतून सोडतात आणि मला नसती लागली अशी खोच त्यांच्या हाताला लागते.

बाद झालेला दोर अख्खा कचऱ्यात टाकू नका. कोणीतरी उचलतो आणि त्यावर परत माणूस ओढतो. त्याचे हात-दोन हाताचे तुकडे करा. आमचे तुकडे परसात टोमॅटोच्या काठ्यांना आणि कढीपत्त्याच्या कुंडीला जातात. तिथे नवऱ्याला हव्या तितक्या गाठी मारायची मुभा आहे.